शाळेने ए लेव्हल बंद केलं, आता पदवीचा फंड मोडायचा का?

प्रश्न: मुलगी दहावीत आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय शाळेने पुढच्या वर्षापासून अकरावी-बारावीला ए लेव्हल (ब्रिटिश पद्धतीचा अभ्यासक्रम) बंद करून आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा, डिप्लोमा आणायचं ठरवलंय. फी बरीच वाढतेय. मिस्टर म्हणतात, वाढीव फी तिच्या पदवीच्या फंडातून भरू, पैसे तिचेच तर आहेत. मला वाटतं, ए लेव्हल असलेल्या दुसऱ्या शाळेत घालावं, तिथली फी कमी आहे. शाळा सोडायची असेल तर तीन आठवड्यांत लेखी कळवायचंय, नाहीतर अनामत बुडेल. तिला इंजिनीअरिंग करायचंय, देश ठरलेला नाही. काय करावं?

उत्तर: सोबत शाळेचं परिपत्रक जोडलंत हे फार बरं केलंत. मी आकड्यांच्या आधी तेच वाचलं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय की शाळा सध्या 'कँडिडेट स्कूल', म्हणजे मान्यतेच्या प्रक्रियेत असलेली शाळा, आहे आणि त्यामुळे मान्यता मिळेलच असं नाही. शाळेने यात काही लपवलेलं नाही. आयबी संस्थाच कँडिडेट शाळांना असं छापायला लावते. पण याचा अर्थ, डिप्लोमा शिकवायची परवानगी अजून शाळेच्या हातात नाही. मान्यतेशिवाय शाळेला हा अभ्यासक्रम सुरू करता येत नाही, मुलांना त्याच्या परीक्षेला बसवणं तर दूरच. वर्ग सुरू व्हायला पाच महिने उरलेत. तोवर मान्यता आली नाही तर ए लेव्हल बंद झालेलं आणि डिप्लोमा सुरू न झालेला, अशी अवस्था होईल. तुम्हा दोघांचा वाद फीवर चाललाय, पण खरा धोका या एका ओळीत आहे.

म्हणून उद्याच प्राचार्यांना मेल टाका. मान्यतेचं पत्र आलंय का, नसेल तर कधीपर्यंत अपेक्षित आहे, आणि ते येईपर्यंत अनामत परत मिळण्याची मुदत वाढवून देणार का, हे तिन्ही लेखी मागा. पालकसभेत मान डोलावून दिलेलं आश्वासन धरू नका. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही ते धरलं होतं. नोटीस एक आठवडा उशिरा पडली आणि अख्खी अनामत गेली. सल्लागार घरातच होता, तरीही.

आता आकडे. चालू वर्षाची फी 100 धरतो, म्हणजे हिशेब सोपा होईल. तुमच्याच शाळेत पुढच्या वर्षी 128 आणि दरवर्षीच्या 8 टक्के वाढीने त्यानंतर साधारण 138. दोन वर्षांचे 266. दुसऱ्या शाळेत 112 आणि वाढ तेवढीच धरली तर 121, मिळून 233. इथवर तुमचं बरोबर. पण तिथे प्रवेश शुल्क 18 आहे, आणि बसचे वर्षाला 9, जे तुम्हाला आत्ता लागत नाहीत. झाले 269. फी कमी असलेली शाळा शेवटी 3 ने महागच पडते. परीक्षा शुल्क दोन्हीकडे फीशिवाय वेगळं भरावं लागतं, ते मी धरलेलं नाही. तेव्हा पैसे वाचतात म्हणून शाळा बदलायचं कारण उरत नाही.

मिस्टरांचा मुद्दा. आजच्याइतकीच फी भरायची असती तर दोन वर्षांत 200 लागले असते, म्हणजे जास्तीचे 66. फंडात आज याच मापाने 400 आहेत. त्यातून 66 काढले तर आभाळ कोसळणार नाही, पण काढायची गरजच दिसत नाही. गाडीचा हप्ता आठ महिन्यांत संपतोय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो महिन्याला अडीच आहे. वर्ग सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तो मोकळा होईल, म्हणजे अकरावीच्या वर्षात साडेबावीस आणि बारावीत 30 हाताशी येतील. उरतात साडेतेरा, म्हणजे धरा 14. फंडात तुम्ही महिन्याला 3 टाकता, त्यातले पाचेक महिने थांबलात की भागलं. फंड न मोडता.

त्याच फंडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तिथेच जास्त काळजी वाटते. 400 पैकी 300 इक्विटी म्युच्युअल फंडांत आहेत आणि पदवीचा पहिला हप्ता अडीच वर्षांवर आलाय. बाजार 20 टक्के पडला तर 60 गेले, म्हणजे ज्या वाढीव फीवरून घरात खडाजंगी चाललीय जवळपास तेवढेच, आणि तेही एखाद्या वाईट तिमाहीत. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचा खर्च आत्तापासून दर महिन्याला थोडा थोडा करून मुदत ठेवीत किंवा कमी मुदतीच्या रोखे फंडात हलवा. बाकीचं राहू द्या.

'डिप्लोमाला जगभर जास्त मान' असं परिपत्रकात आहे. त्यासाठी जास्तीचा एक पैसाही मोजू नका. ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेच्या गुणतक्त्यात ए लेव्हलच्या 'ए'ला 48 आणि आयबीच्या हायर लेव्हलच्या (जास्त खोलात शिकायच्या) विषयातल्या 6 लाही 48च मिळतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं दोन्हींच्या चांगल्या निकालावर काही क्रेडिट देतात, म्हणजे पदवीचा तेवढा भाग झालेला धरतात, पण प्रत्येकाचे नियम निराळे. 'एक सत्र वाचेल' असं कुणी सांगितलं तरी ते हिशेबात धरू नका. वाचलं तर वाचलं.

फरक आहे तो रोजच्या अभ्यासात. ए लेव्हलला साधारण तीन विषय खोलात. डिप्लोमाला सहा, त्यातले सहसा तीन हायर लेव्हलचे, शिवाय 4,000 शब्दांपर्यंतचा निबंध, थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान म्हणजे काय याचा विचार करायला लावणारा विषय) आणि कॅस (कला, खेळ, समाजसेवा असे उपक्रम). एकूण 45 गुण, डिप्लोमा मिळायला किमान 24 हवेत. गणित-भौतिकशास्त्रात रमणाऱ्या आणि भाषेचा कंटाळा असलेल्या मुलांना हे जड जातं. तुमच्या मुलीचा कल तिलाच विचारा. पत्रात सगळ्यांची मतं आहेत, तिचं मात्र नाही.

आणि एक प्रश्न शाळेलाच. आयबीचे गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत. इंजिनीअरिंगच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' हायर लेव्हलला हवं असतं. पहिल्याच तुकडीत मुलं मोजकी असली की शाळा हायर लेव्हलचे पर्याय आखडते घेते. हे गणित आणि हायर लेव्हलचं भौतिकशास्त्र नक्की शिकवणार का, आणि शिक्षक नेमलेत का? 'पुरेशी मुलं आली तर' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा. मग बाहेरच्या शिकवणीचा खर्च येईल, आणि वरचं सगळं गणित बिघडेल.

माझं मत असं. मान्यतेचं पत्र आणि विषयांची लेखी खात्री तीन आठवड्यांत मिळाली, आणि मुलीची तयारी असली, तर आहे त्याच शाळेत राहा. यातलं एक जरी हाती आलं नाही आणि मुदतही वाढवून मिळाली नाही, तर नोटीस द्या आणि ए लेव्हलकडे जा, 3 जास्त गेले तरी. दुसऱ्या शाळेचा अर्ज मात्र याच आठवड्यात भरून ठेवा. अर्जाचं शुल्क परत मिळत नाही, ते विम्याचा हप्ता समजून सोडून द्या. प्रवेश शुल्काचे 18 मात्र प्राचार्यांचं उत्तर हातात पडेपर्यंत भरू नका. जागा किती दिवस राखून ठेवतात ते तिथल्या कार्यालयात आधीच विचारून घ्या.