अगत्तीला जायचंय, तिकीट आधी काढू की परमिट?

प्रश्न : नमस्कार, आम्ही राजारामपुरीत राहतो. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासरे असे पाच जण मे महिन्याच्या शेवटी लक्षद्वीपला, अगत्ती बेटावर जायचं म्हणतोय. मिस्टरांना एकच आठवडा सुट्टी मिळणार त्यामुळे सगळा प्रवास विमानानंच करायचाय. तिकीट आत्ता स्वस्त दिसतंय, काढून ठेवू का? आणि सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांना न्यावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तिकीट अजून काढू नका. लक्षद्वीपमध्ये परमिटशिवाय उतरता येत नाही, १९६७ सालापासूनचा नियम आहे तो. आणि परमिटवर बेटांची नावं असतात, म्हणजे अगत्तीचं परमिट घेऊन कवरत्तीला जाऊन येऊ असं चालत नाही, जिथं जिथं जायचं ती सगळी बेटं आधीच लिहायची. त्यामुळे पहिल्यांदा राहायची सोय पक्की करा, होमस्टेवाले किंवा टूरवाले परमिटच्या कागदांना मदत करतात, पोलिसांचा चारित्र्य दाखला लागेल तो महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतनं मागवायचा आणि त्याला वेळ लागतो हे धरून चला. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नावात. आधारवर नवऱ्याचं नाव मधे, तिकिटावर नुसतं नाव-आडनाव, दाखल्यावर लग्नाआधीचं आडनाव, असं झालं की अर्ज अडकलाच म्हणून समजा. पाचही जणांची आधार कार्डं समोर ठेवून एकच स्पेलिंग सगळीकडं घाला.

आता महिन्याचं. मेचा शेवट मला अजिबात पटत नाही. तेव्हा पावसाचे ढग आलेले असतात, समुद्र खवळायला लागतो, बेटाबेटांमधल्या छोट्या बोटी बंद व्हायची वेळ असते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ याच भागात तयार होऊन पुढं गुजरातला गेलं. मुलांना स्नॉर्केलिंग, काचेच्या तळाची बोट वगैरे दाखवायचं म्हणून एवढा खर्च करायचा आणि खोलीत बसून पाऊस बघायचा, कशाला? नाताळच्या सुट्टीचं बघा किंवा जानेवारी-फेब्रुवारीत मुलांचे चार दिवस बुडले तरी चालतील. डिसेंबरमध्येही वादळ येतच नाही असं नाही, २०१७ मध्ये ओखी आलं होतं, पण एकूण समुद्र शांत असतो.

मार्ग सांगते. अगत्तीला जायचा जुना रस्ता कोचीवरनं. २०२४ मध्ये बेंगळुरूहून आणि गोव्यातल्या मोपाहूनही विमानं सुरू झाली, आणि मोपा आपल्याला आंबोली-सावंतवाडीवरनं गाडीनं जवळ पडतं, पण तुमच्या तारखेला ते विमान आहे का हे बघूनच ठरवा कारण छोट्या मार्गांची वेळापत्रकं बदलत राहतात. मिरजेवरनं एर्नाकुलमला पूर्णा एक्सप्रेस जाते, मात्र आठवड्यातनं एकदाच, तुमच्या सुट्टीत बसणं अवघड.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून बेंगळुरूला आणि तिथनं पुढं जाणार असाल तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बुडतात. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर मिळालं तर उत्तम, नाहीतर मधे एक रात्र मुक्काम कराच. कोचीचा विमानतळ नेडुंबसेरीला आहे, शहरापासून लांब, त्यामुळे हॉटेल तिथंच जवळ अंगमालीकडं घ्या. परत येतानाही एक दिवस मोकळा ठेवा. अगत्तीची धावपट्टी साधारण १२०० मीटरची, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या धावपट्टीपेक्षाही आखूड, तिथं पंख्याची एटीआर विमानं उतरतात आणि हवा बिघडली की फेरी रद्द होते. दिवसाला फेऱ्याच मोजक्या, मग पुढची कधी मिळेल ते त्या दिवशीच्या जागांवर. मिस्टरांना सोमवारी हजर व्हायचं असेल तर रविवारची परतीची फ्लाइट काढू नका, शुक्रवारी नाहीतर शनिवारी निघा.

धावपट्टी आखूड असल्यामुळं विमानाच्या वजनाकडंही फार बघतात. तिकिटावर जेवढे किलो लिहिलेत तेवढंच सामान न्या, ज्यादा सामान पैसे भरूनही जाईलच असं नाही.

सासऱ्यांचं. हृदयरोगाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि प्रवासाला हरकत नाही असं पत्र लिहून घ्या. अगत्तीला दवाखाना आहे, पण गंभीर पेशंटला हेलिकॉप्टरनं बाहेर हलवावं लागतं, आणि वारा-पाऊस असेल तर तेही लगेच होत नाही. अँजिओप्लास्टीला बराच काळ झाला असेल, रोज चालत असतील, डॉक्टर हो म्हणत असतील तर जरूर न्या, त्यांनाही बघू दे की समुद्र! पण नुकतीच झाली असेल तर माझं मत थांबा असंच आहे. गोळ्या दुप्पट दिवसांच्या, आणि हातातल्या बॅगेत. एटीआरला मागच्या दारानं छोटा जिना चढून जायचं असतं, गुडघे दुखत असतील तर मदत हवी म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

प्रश्न : आम्हीपण लक्षद्वीपला चाललोय. कांदा-लसूण चटणी आणि भडंग नेलं तर चालतं का? येताना तिथलं खोबरं आणायचंय.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : भडंग बिनधास्त न्या. चटणी मात्र चेक-इनच्या बॅगेत, घट्ट डब्यात, कारण तिखट हातातल्या बॅगेत असलं की सिक्युरिटीवाले काढून ठेवतात. दारूची बाटली नकोच, वस्तीच्या बेटांवर बंदी आहे. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, तेल असल्यामुळं ते पेट घेतं, म्हणून तो बेत सोडा. आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलं हमखास खिशात घालतात, तो उचलणंसुद्धा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा निघताना त्यांचे खिसे आणि बॅगा एकदा तपासा.