वाचकांचे प्रश्न : सोयाबीनचे वाण आणि दाण्यातील आयसोफ्लेवोन

प्रश्न : आमच्या शेतात जेएस ३३५ आणि एमएयूएस ६१२ असे दोन वाण आहेत. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची गुणकारी द्रव्ये असतात, असे वाचनात आले. मोंढ्यावर माल नेण्याआधी घरी खाण्यासाठी एक पोते बाजूला काढतो. या द्रव्यांच्या दृष्टीने कोणत्या वाणाचे पोते ठेवावे? घरात आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, तिने सोयाबीन खावे का?
(एक शेतकरी वाचक, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : वाणावाणांत फरक असतो, हे खरे, परंतु केवळ वाणाचे नाव पाहून कोणते पोते ठेवावे हे ठरवता येणार नाही. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात झालेला आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. त्यात अमेरिकी आणि जपानी वाण तपासले होते. एकाच वाणाचे दाणे वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या ठिकाणी पिकवले, तेव्हा दर ग्रॅम दाण्यामागे आयसोफ्लेवोनचे एकूण प्रमाण सुमारे १.२ मिलिग्रॅमपासून ३.३ मिलिग्रॅमपर्यंत बदलले, आणि जागेपेक्षा हंगामाचा परिणाम अधिक दिसला. एकाच बियाण्यात जर जवळपास तिप्पट फरक पडत असेल, तर दोन वाणांची तुलना एकाच वर्षी, एकाच रानात, एकाच तारखेला पेरून केली तरच तिला अर्थ राहतो.

हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आयसोफ्लेवोन ही द्रव्ये झाड आपल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी तयार करते. मुळांतून पाझरणारी ही द्रव्ये मातीतील रायझोबियमसारख्या जिवाणूंना गाठी धरण्याचा इशारा देतात, आणि त्यांतल्याच डेडझीनपासून झाड बुरशीला रोखणारे संयुग बनवते. दाण्यात डेडझीन, जेनिस्टीन आणि ग्लायसिटीन हे तीन मुख्य प्रकार साखरेशी जोडलेल्या रूपात साठतात. शेंगा भरण्याच्या काळात उष्णता अधिक असेल, तर ही साठवण घटते. जपानमधील प्रयोगांत असेही दिसले, की उष्णतेचा फटका दाण्याच्या दोन दलांना बसतो, कोंबाच्या भागाला मात्र फारसा बसत नाही. आपल्याकडे जूनच्या अखेरीस किंवा जुलैत पेरलेल्या सोयाबीनच्या शेंगा ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात भरतात. त्या दिवसांत पावसाने ताण दिला आणि ऊन कडक पडले, तर आपला दाणा त्याच वाणाच्या थंड प्रदेशातील दाण्यासारखा असेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

दाण्यातल्या दाण्यातही वाटणी सारखी नसते. कोंबाचा भाग वजनाने दाण्याच्या साधारण २ टक्केच असतो, पण त्यातील आयसोफ्लेवोनचे प्रमाण दलांच्या कित्येक पटींनी अधिक असते, आणि ग्लायसिटीन तर जवळजवळ तिथेच आढळते. तरीही दले वजनाने खूपच मोठी असल्याने एकूण साठा बहुतेक त्यांच्यातच असतो. डाळ करताना टरफलाबरोबर कोंब पाखडला गेल्यास थोडे नुकसान होते, एवढेच.

म्हणून माझे मत असे, की वाण निवडताना जबलपूरचा जुना जेएस ३३५ घ्यावा की परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस ६१२, हे उतारा, पक्वतेचा कालावधी, जमीन आणि रोगाला दिलेले तोंड पाहूनच ठरवावे. खाण्यासाठी मात्र ज्या रानाचा दाणा टपोरा, कोरडा आणि डागरहित आहे, ते पोते ठेवावे. काढणीच्या पावसात भिजून बुरशी आलेला दाणा कोणत्याही वाणाचा असो, घरात आणू नये. पेरणीतून उरलेले बुरशीनाशक लावलेले बियाणे धुऊनही खाऊ नये, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावी.

आपल्या आईंनी सोयाबीन सोडण्याची सहसा गरज नसते. मात्र सोयाबीनमुळे थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते. गोळी आणि सोयाबीनचा पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे आणि आहारात सोयाबीन नव्याने वाढवत असाल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

प्रश्न : आम्ही नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन टाकून दळण आणतो. सोयाबीन आधी उकळावे, असे शेजारच्या काकू सांगतात. उकळल्याने गुण जातात का?
(एक गृहिणी, परभणी)

उत्तर : काकूंचे म्हणणे बरोबर आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे ट्रिप्सिन-रोधक द्रव्य असते. ते उष्णतेने निकामी होते, आणि तव्यावरच्या पोळीला तेवढा वेळ मिळत नाही. उकळत्या पाण्यात सोयाबीन टाकून वीस ते पंचवीस मिनिटे शिजवावे, निथळून कडक उन्हात वाळवावे आणि मगच गव्हात मिसळावे. आयसोफ्लेवोनचा काही अंश पाण्यात उतरतो, परंतु उष्णतेने ती द्रव्ये सहजासहजी नष्ट होत नाहीत. त्यांची रूपे तेवढी बदलतात. प्रथिने नीट पचावीत म्हणून एवढी घट सोसणे योग्यच आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हा वाण या अडथळ्याच्या द्रव्याचा मुख्य प्रकार नसलेला असा तयार केला आहे. तरीही घरी खाताना त्यालाही उकळी द्यावीच.

प्रश्न : सोयाबीनच्या तेलातून आयसोफ्लेवोन मिळतात का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : जवळजवळ नाही. ती तेलात फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे गाळपानंतर पेंडीतच राहतात. तेलात ई जीवनसत्त्वाच्या गटातील टोकोफेरॉल मात्र असतात.