ट्रॉयचे युद्ध खरोखर झाले होते का?

ट्रॉयचे युद्ध खरोखर घडले की ती निव्वळ प्राचीन ग्रीक कवी होमर याची कल्पना आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ट्रॉय हे नगर खरे आहे आणि त्याच्यावरून झालेले तंटेही बहुधा खरे आहेत. मात्र ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने कथेत पळवून नेलेल्या ग्रीक राणी हेलनसाठी सगळ्या ग्रीकांनी मिळून काढलेल्या दहा वर्षांच्या मोहिमेला आजवर पुरावा मिळालेला नाही.

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ हिसार्लिक नावाचे टेकाड आहे आणि त्यात वस्तीचे नऊ मुख्य थर एकावर एक साचलेले आहेत. येथे आधी फ्रँक कॅल्व्हर्टने खणले होते, पण नाव झाले ते १८७० नंतर उत्खनन करणाऱ्या हाइनरिक श्लीमानचे. होमरचे ट्रॉय तळाशीच असणार, या समजुतीपायी त्याने वरचे थर कापत एक प्रचंड चर खणला आणि १८७३ मध्ये सापडलेले सोने ‘प्रायमचा’, म्हणजे कथेतील ट्रॉयच्या राजाचा, ‘खजिना’ म्हणून जाहीर केले. ते सोने कथेतील युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळापेक्षा हजाराहून अधिक वर्षे जुने निघाले, आणि जे शोधायचे होते त्याचा बराचसा भाग त्याच चरात नष्ट झाला.

कथेशी जुळू शकतील असे थर दोनच आहेत. सहाव्या थरातील भक्कम तटबंदीचे नगर इ.स.पू. १३००च्या सुमारास कोसळले, परंतु तेथील पडझड भूकंपाची असावी, असे अनेक संशोधक मानतात. त्यानंतरचे, ‘सातवा अ’ या थरातील नगर इ.स.पू. ११८०च्या सुमारास जळाले. तटाच्या आत दाटीवाटीने बांधलेली घरे, जमिनीत पुरलेले साठवणीचे रांजण, बाणांची टोके आणि रीतसर न पुरलेले मानवी अवशेष पाहून १९३०च्या दशकात येथे काम करणाऱ्या कार्ल ब्लेगनने हेच होमरचे ट्रॉय ठरवले. अडचण अशी की याच सुमारास ग्रीसमधील मायसीनी, म्हणजे त्या काळच्या ग्रीक संस्कृतीचे, राजवाडेही एकामागून एक उद्ध्वस्त होत होते. स्वतःचे घर जळत असताना समुद्रापार एवढी मोठी स्वारी कोण करणार, ही शंका रास्त आहे.

मला सर्वांत वजनदार पुरावा वाटतो तो आजच्या तुर्कस्तानात तेव्हा असलेल्या हिटाइट साम्राज्याची राजधानी हत्तुसा येथील मातीच्या पाट्यांचा. त्यांत विलुसा नावाचे एक मांडलिक राज्य येते आणि बहुतेक अभ्यासक ते इलियॉस, म्हणजेच ट्रॉय, असल्याचे मानतात. इ.स.पू. १२८०च्या सुमारास तेथील राजा अलाक्सांदू याने हिटाइट सम्राट मुवातल्ली दुसरा याच्याशी तह केला. होमरच्या पॅरिसचे दुसरे नाव अलेक्झांद्रोस आहे, हे साम्य नजरेत भरते, पण त्यावरून दोघे एकच होते असे म्हणता येणार नाही. तेराव्या शतकातील एका हिटाइट राजाच्या पत्रात अह्हियावाच्या, म्हणजे ग्रीकांच्या, राजाशी विलुसावरून आलेले वितुष्ट मिटल्याचा उल्लेख आहे. तह, मांडलिकत्व आणि मिटलेली भांडणे असाच तेथील राजकारणाचा तपशील या पाट्यांतून दिसतो. त्यात हेलन कुठेही नाही.

होमरचे काव्य इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे चारेकशे वर्षे उशिराचे आहे. मधल्या काळात ग्रीकांची लिपीही लोप पावली होती, त्यामुळे जे टिकले ते गाणाऱ्यांच्या तोंडी टिकले. तरीही ट्रॉयच्या युद्धावरील त्याच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात ग्रीक वीर ओडिसियसला मिळणारे शिरस्त्राण पाहावे. आतून चामड्याच्या वाद्या, मध्ये नमदा आणि बाहेरून ओळीने बसवलेले रानडुकराचे सुळे, असे त्याचे वर्णन आहे. अशी शिरस्त्राणे मायसीनी थडग्यांत सापडली आहेत आणि होमरच्या कित्येक पिढ्या आधीच ती वापरातून गेली होती. याउलट त्याचे वीर रथातून येतात आणि उतरून पायी लढतात, तेव्हा रथयुद्ध कसे चाले हे कवीला नीटसे ठाऊक नसावे, असे वाटते. त्याने मोजलेली ११८६ जहाजे खरी मानून प्रत्येकी पन्नास माणसे धरली, तरी सैन्य साठ हजारांच्या घरात जाते. एवढ्यांना दहा वर्षे परमुलखात पोसणे त्या काळी अशक्यच होते. प्राचीन ग्रीकांनाही हे खटकले होते. रसदीअभावी सैन्य मर्यादित ठेवावे लागले, असा तर्क इतिहासकार थ्युसिडिडीसने केला, तर हेलन ट्रॉयमध्ये असती तर ट्रोजनांनी तिला परत देऊन टाकले असते, असे इतिहासकार हिरोडोटस सरळ म्हणतो.

ग्रीक सैनिक पोटात लपवून ट्रॉयमध्ये शिरलेल्या लाकडी घोड्याचा प्रसंग ‘इलियड’मध्ये नाही, ते काव्य ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपते आणि घोडा होमरच्याच ‘ओडिसी’त व नंतरच्या कथांत येतो. पोसायडन हा भूकंपाचा आणि घोड्यांचाही देव असल्याने घोडा म्हणजे तट पाडणारा भूकंप, असा अर्थ काही जण लावतात. कल्पना चतुर आहे, पण भूकंपाचा घोड्याशी संबंध जोडणारा काही पुरावा उत्खननात नाही.