पोर्तुगाल की थायलंड? गणित तिसऱ्या वर्षाचं मांडा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. परिस्थिती थोडक्यात अशी आहे: वय ३४, सॉफ्टवेअरची फ्रीलान्स कामं, परदेशी क्लायंटकडून महिन्याला सरासरी ५,२०० डॉलर, शिल्लक ३०,००० डॉलर आणि शैक्षणिक कर्जाचे १८,००० डॉलर अजून फेडायचे. पुढची काही वर्षं पोर्तुगाल किंवा थायलंडमध्ये राहून काम करायचं मनात आहे. कल पोर्तुगालकडे आहे, कारण तिथे गेलेल्या मित्राला कर अगदी किरकोळ बसला. थायलंड स्वस्त आहे हे मान्य, पण तिथे करही लागत नाही असं तुम्ही गृहीत धरलंय. कायमचं कुठे राहायचं, हे अजून ठरलेलं नाही.

मित्राने सांगितलेला आकडा खरा आहे. फक्त तो पहिल्या वर्षाचा आहे.

पोर्तुगालमध्ये फ्रीलान्सरला सुलभ करपद्धतीत एकूण कमाईच्या साधारण ७५ टक्के रक्कम करपात्र धरली जाते. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्याला त्यात पहिल्या वर्षी निम्मी आणि दुसऱ्या वर्षी पाव सूट मिळते. शिवाय सामाजिक सुरक्षेची वर्गणी पहिले १२ महिने माफ असते. तुमचे ५,२०० डॉलर म्हणजे सुमारे ४,५०० युरो धरू, म्हणजे वर्षाला ५४,०००. पहिल्या वर्षी करपात्र रक्कम २०,२५० युरो होते आणि कर ढोबळमानाने साडेतीन हजार. तिसऱ्या वर्षी करपात्र रक्कम ४०,५०० होते आणि कर दहा हजारांच्या घरात जातो. त्यावर वर्गणी वेगळी: कमाईच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के, म्हणजे वर्षाला जवळपास ८,१०० युरो. दोन्ही मिळून १८,००० झाले. कमाईतला तिसरा हिस्सा गेला.

ही वर्गणी म्हणजे पेन्शनची बचतच की, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. पण पोर्तुगालमध्ये वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची वर्गणी लागते. तीन वर्षांनी निघालात आणि तुमच्या मूळ देशाचा पोर्तुगालशी सामाजिक सुरक्षा करार नसेल, तर त्या पैशांतून म्हातारपणी हाती काही लागेल असं धरून चालू नका. आणि तुम्ही ज्या एनएचआर सवलतीबद्दल (पोर्तुगालमध्ये नव्याने राहायला आलेल्यांना मिळणारी करसवलत) वाचलंत, ती २०२४ पासून नव्यांसाठी बंद झाली आहे. तिच्या जागी आलेली योजना संशोधन आणि ठरावीक उच्च कौशल्याच्या कामांपुरती आहे. परदेशी क्लायंटची कामं करणारा फ्रीलान्सर तिच्यात सहसा बसत नाही.

आता थायलंड. परदेशी क्लायंटचं काम थायलंडमध्ये राहून करणाऱ्यांसाठी २०२४ च्या जुलैमध्ये आलेला डीटीव्ही हा व्हिसा पाच वर्षांचा आहे. एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं आणि अर्ज करताना पाच लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते. तेवढी तुमच्याकडे आहे. मात्र कर लागत नाही हा समज आधी डोक्यातून काढा. कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तुम्ही तिथले कर-रहिवासी ठरता, आणि २०२४ पासून कमावलेलं परदेशातलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलंत की ते करपात्र होतं. पैसे बाहेरच्याच खात्यात ठेवू, ही पळवाट तुमच्या कामाला लागू पडेल असं मला वाटत नाही. थायलंडच्या महसूल संहितेचं कलम ४१ सांगतं की तिथे बसून केलेल्या कामाचं उत्पन्न तिथलंच, मग पैसे कुठेही जमा होवोत. म्हणून मी सगळी कमाई करपात्र धरून हिशेब केला. वर्षाला सुमारे २० लाख बाथ, वजावटीनंतर कर सव्वातीन लाख बाथच्या आसपास, म्हणजे साधारण ८,७०० युरो.

म्हणजे पहिल्या वर्षी, निव्वळ कर पाहिला तर, पोर्तुगालच स्वस्त पडतं! दुसऱ्या वर्षी तिथे कर आणि वर्गणी मिळून साडेचौदा हजारांच्या वर जातात आणि तिसऱ्या वर्षी थायलंडच्या दुप्पट होतात. तीन वर्षांची बेरीज पोर्तुगालमध्ये ३६,००० युरो, थायलंडमध्ये २६,०००. यात राहणीमानाचा फरक अजून धरलेलाच नाही.

चलनाकडेही जरा बघा. तुम्ही कमावता डॉलरमध्ये. २०२५ च्या जानेवारीत एका युरोला साधारण १.०३ डॉलर पडत होते, जून संपता संपता १.१७. तेवढ्याच डॉलरचे युरो सहा महिन्यांत बारा टक्क्यांनी कमी झाले. पोर्तुगालच्या डी८ व्हिसाला, म्हणजे तिथे राहून परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्यांच्या व्हिसाला, तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागतं आणि ते वेतन दर जानेवारीत वाढत आलंय. म्हणून अट २०२४ मध्ये ३,२८० युरो होती, ती २०२६ मध्ये ३,६८० झाली. आज तुम्ही तिच्या वर आहात. पण एक मोठा क्लायंट तुटला तर राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अडचण होऊ शकते.

एवढं असूनही पोर्तुगाल वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिथे घालवलेली वर्षं कायम वास्तव्यासाठी मोजली जातात, डीटीव्हीवर पाच वर्षं काढलीत तरी तसं काही मिळत नाही. जोडीदार, मुलं, एखाद्या देशात मुळं रोवणं हे तुमच्या मनात पक्कं असतं, तर तिसऱ्या वर्षीचे १८,००० युरो मी किंमत म्हणून मान्य केले असते. पण तुमच्या पत्रात तसं कुठेच दिसत नाही. आणि पोर्तुगालची सवलत व्यवसायाच्या सुरुवातीलाच मिळते. चाचपून बघायला म्हणून गेलात तर ती तेवढ्यातच संपेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं थायलंड. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा, उरलेल्या शिलकीतून कर्जाचा मोठा हप्ता लगेच भरा आणि बाकीचं कर्ज दीड वर्षात संपवा. दर महिन्याच्या कमाईतले १६ टक्के कराच्या वेगळ्या खात्यात टाकत चला. व्हिसासाठी दाखवलेल्या पाच लाख बाथना हात लावू नका. दोन वर्षांनी युरोपात स्थिरावायचं ठरलं, तर कर्ज नसलेल्या स्थितीत डी८ साठी अर्ज करा.

तिकीट काढण्याआधी एक काम मात्र करा. तुमच्या मूळ देशातल्या कर सल्लागाराकडून लेखी घ्या की निघाल्यानंतर तुम्ही तिथले कर-रहिवासी राहता की नाही. राहत असाल तर तिथेही विवरणपत्र भरावं लागेल, आणि थायलंडमध्ये भरलेल्या कराची वजावट दोन देशांतल्या दुहेरी कर करारावर अवलंबून राहील. त्या करारात आधी कायमचं घर कुठे आहे हे पाहतात, मग कुटुंब आणि आर्थिक व्यवहारांचं केंद्र कुठे आहे हे. घर तुमच्या नावावर रिकामं ठेवून जाणार असाल, तर त्याचा उल्लेख सल्लागाराकडे आवर्जून करा.