जुन्या पद्मिनीची पीयूसी

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. दोन वर्षांपूर्वी इंजिन बोअर करून नवे पिस्टन बसवले, हेड प्लेन केले आणि मूळ कार्बोरेटर काढून मोठा वेबर लावला. गाडी सुरेख पळते. पण पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ५.६ टक्के आणि हायड्रोकार्बन १,३०० पीपीएम आल्याने ती नापास झाली. मेकॅनिक जुना कार्बोरेटर परत बसवायला सांगतात. दुसरा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मार्ग आहे, आणि कार्बोरेटर उतरवण्यापूर्वी तो जरूर करून पाहावा. तुमची गाडी भारत स्टेज या प्रदूषण-मानकांच्या आधीची असल्यामुळे तिला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतो. हायड्रोकार्बन मर्यादेत आहे, म्हणजे ठिणगी पाडणारे प्लग आणि पॉइंट आपले काम बहुधा नीट करत आहेत. नडते आहे ते हवेच्या मानाने जास्त जाणारे पेट्रोल.

अशा गाडीची तपासणी इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना होते, आणि त्या वेळी मेन जेटमधून, म्हणजे गाडी पळताना पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरच्या मुख्य छिद्रातून, पेट्रोल जातच नाही, ते स्लो जेट आणि मिक्स्चरच्या स्क्रूवाटे जाते. त्यामुळे ज्या पिकअपसाठी तुम्ही एवढा खर्च केलात, त्याला हात न लावताही आकडा खाली आणता येतो. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करा, चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडला आहे याची डोळ्यांनी खात्री करा आणि एअर फिल्टर स्वच्छ करून जागेवर बसवा. मग मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू आत फिरवा. इंजिन अडखळू लागले की पाव आटा मागे घ्या आणि स्लो पुन्हा जुळवा. हे काम पीयूसी केंद्रावरच मशीन लावून केले तर आकडा उतरताना समोर दिसतो.

स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिनावर काहीच परिणाम होत नसेल, तर कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची पातळी वर आहे, त्यात येणारे पेट्रोल बंद करणारी नीडल गळते आहे किंवा स्लो वाढवण्यासाठी थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) इतका उघडा ठेवला आहे की पेट्रोल स्क्रूला टाळून वरच्या छिद्रांतून येते आहे, असे समजावे. मोठ्या कार्बोरेटरवर मला हे तिसरे कारण अनेकदा आढळले आहे. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही बदला, कारण त्याची वाफ पुन्हा इंजिनातच ओढली जाते.

सायलेन्सरच्या जोडातून हवा आत घेऊन आकडा पाडण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नका. विषारी वायू तेवढाच बाहेर पडत राहतो.

जुना कार्बोरेटर मात्र तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही, आणि तुमच्या पद्मिनीला ती संधी २०३२ मध्ये येईल.