चाक जागेवर, सायकल गायब

मागच्या अंकात सायकलबद्दल काहीही विचारा म्हटलं होतं. वाटलं गिअर, टायर, पाठदुखी वगैरे येईल, पण बहुतेक पत्रं चोरीचीच आली. म्हणून या वेळी फक्त कुलुपं आणि चोर.

प्रश्न : काका, मी डोंबिवलीला राहते, स्टेशनपर्यंत सायकलने जाते. गेल्या महिन्यात संध्याकाळी परत आले तर रेलिंगला फक्त पुढचं चाक, त्यात नंबरवालं केबल लॉक जसंच्या तसं, आणि बाकीची सायकल गायब! आता भावाने १८ हजारांची नवीन गिअरवाली घेऊन दिलीय पण तो म्हणतो कुलपावर हजार-दोन हजार कशाला घालवतेस, ज्याला न्यायचीय तो नेणारच. खरंय का हे?

उत्तर : अर्धं खरंय. ग्राइंडर घेऊन आलेल्या माणसापुढे कुठलंच कुलूप कायमचं टिकत नाही, फार तर थोडा वेळ जास्त खातं. पण भर संध्याकाळी स्टेशनबाहेर ठिणग्या उडवत ग्राइंडर चालवणारे चोर कमीच, तिथला चोर खिशात किंवा पिशवीत मावेल असं काहीतरी घेऊन येतो, रांगेतल्या सायकली बघत जातो आणि सगळ्यात सोपी उचलतो. तुमची सायकल त्या रांगेत सगळ्यात सोपी दिसू नये, एवढंच बघायचं.

तुमच्या केसमध्ये तर त्याला कुलपाला हातही लावावा लागला नाही. पुढच्या चाकाला क्विक रिलीजचा खटका असणार, तो फिरवला की चाक सुटतं. सायकलचे भाग बनवणाऱ्या इटलीच्या कांपान्योलोने तो शर्यतीत चाक पटकन काढता यावं म्हणून आणला, आणि शर्यतीत तो फार कामाचा पण आहे, पण डोंबिवली स्टेशनबाहेर त्याचा फायदा एकट्या चोराला होतो. चाकाला कुलूप घालून फ्रेम मोकळी ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवणं. नवीन सायकल मेकॅनिककडे न्या आणि खटक्याच्या जागी अ‍ॅलन कीने आवळायचे साधे स्क्युअर (चाकाच्या मधून आरपार जाणारी बारीक दांडी) टाकून घ्या, सीटच्या क्लॅम्पचंही तेच करा. खर्च किरकोळ आहे.

आता कुलूप. ते केबल लॉक जाड दिसतं ना, त्यात बरंचसं प्लास्टिकच असतं, आत बारीक तारांचा पीळ, जो वायर कापायच्या कटरने सुद्धा तुटतो. स्वस्त नंबर लॉक तर न तोडताच उघडतात, ताण देऊन एकेक चकती फिरवली की बोटाला खटका लागतो. केबल एकटी वापरूच नका. यू-लॉक घ्या, म्हणजे यू आकाराची दांडी आणि तिची दोन्ही टोकं बसतात तो आडवा भाग, काही जण त्याला डी-लॉक म्हणतात. दांडी हार्डन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, स्टीलची हवी. १२-१३ मिमीची दांडी आपल्याकडे रोजच्या वापराला ठीक आहे, १६ मिमीच्या वर गेलात तर हाताने चालवायचं बोल्ट कटर जवळपास हरतंच, पण वजन वाढतं, तेव्हा रोज पाठीवर किती वागवणार ते आधी ठरवा. दांडी आडव्या भागात दोन्ही टोकांना अडकते का हे दुकानातच बघून घ्या, कारण एकाच टोकाला अडकत असेल तर एक काप मारून ती पिळून काढता येते, दोन्हीकडे अडकली की दोनदा कापावी लागते. आणि परदेशी ब्रँड बघत असाल तर ब्रिटनचं सोल्ड सिक्युअर हे कुलुपांच्या मजबुतीचं रेटिंग असतं, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि वर डायमंड, आपल्याला सिल्व्हरसुद्धा पुरे.

गोल नळीसारखी किल्ली असलेलं जुनं मॉडेल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइटसारख्या नावाजलेल्या कंपनीची तसली कुलुपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे लोकांनी व्हिडिओ टाकून दाखवलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली.

पण माझं म्हणाल तर कुलूप कुठलं यापेक्षा ते सायकलला कुठे लावलंय याने जास्त फरक पडतो. अडीच हजारांचं यू-लॉक पुढच्या चाकाला लावणारे लोक रोज दिसतात. यू-लॉक फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून (सीटखाली, मागच्या चाकाभोवती नळ्यांचा होतो तो), मागच्या चाकाच्या रिमसकट, घट्ट बसवलेल्या पाइपाला घाला. मागचं चाक पुढच्यापेक्षा महाग असतं, त्यालाच गिअरची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच असतो. पाइप जाड असेल आणि फ्रेम आत मावत नसेल तर रिम आणि पाइप एवढंच, पण रिम त्रिकोणाच्या आतल्या भागात पकडा, कारण मग चाक त्रिकोणातून बाहेर येत नाही आणि सायकल अडकते. ही युक्ती अमेरिकेतल्या शेल्डन ब्राउन नावाच्या मेकॅनिकने लोकप्रिय केली. मग ती जुनी केबल आहेच की, ती पुढच्या चाकातून ओवून तिचं टोक यू-लॉकमध्ये अडकवा. यू-च्या आत जागा जितकी कमी उरेल तितकं चांगलं, मोकळ्या जागेत पहार किंवा जॅक घालता येतो. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, खाली दगडाचा आधार मिळाला की वरून हातोडा मारणं सोपं जातं.

आणि ज्याला बांधताय तो खांब हलवून बघा! नो पार्किंगच्या बुटक्या खांबावरून सायकल कुलपासकट वरून उचलून काढता येते. रेलिंगचे नटबोल्ट ढिले असतात. भावाला सांगा, १८ हजारांच्या सायकलला दीड-दोन हजारांचं कुलूप जास्त नाही. लावा नीट, आणि पे अँड पार्कमध्ये माणूस बसत असेल तर त्याच्या नजरेसमोर लावा.

प्रश्न : भाऊ, मी कोल्हापूरचा. ते यू-लॉक बिक लॉक आपल्याला नको, हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर साखळी घेतली आणि अलिगढी कुलूप लावलं. चांगली जाड साखळी आहे. चालतंय न्हवं?

उत्तर : एक कानस घ्या आणि साखळीच्या कडीवर दोनदा जोरात घासा. कानस चावली, चकचकीत चरा पडला, तर ते मऊ लोखंड आहे, जाडी कितीही असो, सळई कापायच्या कटरने ती कापली जाईल. कानस नुसती घसरली तर साखळी हार्डन केलेली आहे. किलोवर मिळणारी बहुतेक मऊच निघते. तोच प्रयोग कुलपाच्या कडीवर करा, कारण साखळी भारी आणि कडी पेन्सिलीएवढी असं बऱ्याचदा असतं आणि चोर बरोबर तिथेच कटर लावतो. बाकी हार्डन साखळी दोन-तीन किलोची असते, ती घरी किंवा दुकानात एका जागी कायम ठेवायला उत्तम, घेऊन फिरायला नाही. आणि तुमच्या सायकलला मागच्या चाकावर ते जुनं रिंगवालं कुलूप असेल तर ते काढू नका, दूध आणायला दोन मिनिटं थांबलात तर तेवढं पुरतं. त्याच्या भरवशावर रात्र मात्र काढू नका, सायकल टेम्पोत टाकायला त्या कुलपाची काही अडचण होत नाही.

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्रीत तीन सायकली गेल्या. वॉचमन आहे, कॅमेरा आहे. चेअरमन म्हणतात सोसायटीची जबाबदारी नाही. आता काय करायचं?

उत्तर : जबाबदारीवर भांडत बसलात तर पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत अजून दोन जातील. कॅमेऱ्याचं फुटेज आजच्या आज पेन ड्राइव्हवर घ्या, जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि चोरी आठवड्याने लक्षात आली की मग हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. पार्किंगमधल्या सायकली जातात त्याचं कारण चोराला तिथे वेळ मिळतो आणि बऱ्याच सायकली नुसत्या मागच्या चाकाला कुलूप लावून भिंतीला टेकवलेल्या असतात. धूळ बसलेली, हवा गेलेली सायकल तर कुणी महिनाभर बघणारही नाही हे त्याला दिसतंच.

सभेत मागणी एकच करा : उलट्या यू आकाराचे पाइप काँक्रीटमध्ये पुरून द्या. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला करून देईल, एका पाइपाला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात. बाजारात मिळतो तो पुढचं चाक खाचेत अडकवायचा स्टँड घेऊ नका, त्यात फ्रेमला कुलूप लावायची सोयच नसते आणि सायकल कलंडली की रिम वाकडी होते. जिन्याच्या कठड्याला बांधायची आयडिया कुणीतरी काढेलच, तिला नाही म्हणा, आग लागली तर तोच जिना लागतो. आणि सायकल महाग असेल तर सरळ घरात न्या. घरचे कुरकुर करतील, करू द्या.

प्रश्न : नाशिकहून विचारतोय, सायकलमध्ये एअरटॅग लपवला तर चोरी झाल्यावर सापडेल ना? मग भारी कुलूप कशाला?

उत्तर : एअरटॅग म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारा अ‍ॅपलचा छोटा बिल्ला, पण त्यात जीपीएस नसतं. आसपास कुणाचा आयफोन असेल तर त्याच्या ब्लूटूथवरून तो आपली जागा कळवतो. कॉलेज रोडला ठीक चालेल पण सायकल एखाद्या वाडीवर गेली तर बराच वेळ गप्प बसेल. शिवाय कुणावर पाळत ठेवायला वापरू नये म्हणून तो अनोळखी माणसासोबत फिरू लागला की त्या माणसाच्या फोनवर सूचना जाते, आणि आता अँड्रॉइडवरही जाते, म्हणजे चोरालाही कळू शकतं. तरी लावा! सीटखाली किंवा बॉटलच्या होल्डरमागे लपवता येतो, फक्त कार्बन किंवा लोखंडी नळीच्या अगदी आत कोंबू नका, सिग्नल अडतो. बॅटरी वर्षभर पुरते. आणि मॅपवर ठिपका दिसला म्हणून एकटे जाऊन दार वाजवू नका, पोलिसांना घेऊन जा. कुलूप सायकल जाऊ नये म्हणून, टॅग गेल्यानंतरसाठी, दोन्हीची कामं वेगळी.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगर. मुलाची सायकल गेली, पोलीस म्हणाले किंमत कमी आहे, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो. असं असतं का?

उत्तर : असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यातल्या कलम ३०३ नुसार ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी असेल आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते, आणि अशी चोरी अदखलपात्र धरलीय, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणूनच बिल सांभाळा, कारण बिलाशिवाय किंमत पाच हजारांच्या वर होती हे तुम्ही कशावरून सांगणार? वर असेल तर एफआयआरचा आग्रह धरा, तिची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतच नाहीत असं झालं तर तक्रार लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते.

बिलाइतकाच महत्त्वाचा फ्रेम नंबर. सायकल उलटी करा, पायडलचा दांडा जातो तिथे खालच्या बाजूला बहुतेक वेळा तो ठोकलेला असतो. त्याचा फोटो, सायकलसोबत मुलाचा फोटो, कुठे रंग उडालाय त्याचा फोटो, हे सगळं स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. पूर्वी नगरपालिका सायकलला कर लावायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची, लोक वैतागायचे, पण निदान त्यावर नंबर तरी असायचा. आता सायकल सापडली तरी ती मुद्देमाल म्हणून जमा होते, कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन) सोडवून आणावी लागते आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो, ही तुमचीच कशावरून?

प्रश्न : काका, मी शिकायला नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला आलोय. इथे एक जण रस्त्यावर ४० युरोला सायकल देतोय, घेऊ का?

उत्तर : नको रे बाबा. इतक्या स्वस्तात रस्त्यावर मिळणारी सायकल तिथे बहुतेक चोरीची असते आणि चोरीची असल्याचा संशय यायला हवा होता एवढ्यावरूनही घेणारा अडकू शकतो. आपल्याकडेही चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हाच आहे. दुकानातून जुनी घे, पावती घे, फ्रेम नंबर तिथल्या चोरीच्या सायकलींच्या नोंदीत तपासता येतो तो तपास. तिथे मागच्या चाकाचं रिंग लॉक आणि सोबत साखळी अशी दोन कुलुपं लावायची पद्धत आहे, साखळीवर एआरटीचे (तिथलं कुलुपांच्या मजबुतीचं रेटिंग) किमान दोन तारे बघ. स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, पहिले २४ तास फुकट, तिथेच लावत जा. आणि एक दिवस सायकल जागेवर दिसली नाही तर आधी महापालिकेच्या डेपोत विचार, चुकीच्या जागी लावलेल्या सायकली ते लोक उचलून नेतात.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात कुलूप जाम होतं, खोबरेल तेल घातलं तर चालेल?

उत्तर : नाही. ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. ग्रॅफाइटची पावडर मिळते ती फुंकून घाला, आणि कुलूप लावताना किल्लीचं भोक खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. जामच झालं असेल तर किल्लीवर जोर लावू नका, आत तुटली तर ग्राइंडर तुम्हालाच आणावा लागेल, आणि सायकल तुमचीच आहे हे बघणाऱ्यांना पटवत बसावं लागेल ते वेगळंच.