वस्ती बदलली तर मुलाचा दमा जाईल का?

प्रश्न : आम्ही शहराच्या मध्यभागी, सतत रहदारी असलेल्या रस्त्यालगतच्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांत राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे. लहानपणी मलाही होता. पती सिगारेट ओढतात, पण खिडकीपाशी उभे राहून. नातेवाईक शहराबाहेर राहायला जाण्याचा सल्ला देतात. ते आम्हाला परवडणारे नाही. दमा वस्तीमुळे होतो की आनुवंशिकतेमुळे? दीड वर्षाच्या मुलीचीही काळजी वाटते.

उत्तर : दोन्हींचा वाटा असतो. आईला किंवा वडिलांना दमा असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता वाढते. मुदतीपूर्वी झालेला जन्म, जन्मवेळचे कमी वजन आणि पहिल्या काही वर्षांत विषाणुसंसर्गामुळे छातीत वारंवार होणारी घरघर यांमुळेही ती वाढते. यांतले बहुतेक आता आपल्या हाती नाही. घर मात्र बऱ्याच अंशी आहे.

अमेरिकेतील २३ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाचे दारिद्र्य, वंश अशा बाबी हिशेबात घेतल्यावर शहराच्या मध्यभागी राहणे हा दम्याचा स्वतंत्र धोका म्हणून त्यात उरला नाही. रहदारीचा धूर निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. वाहनांतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म धूलिकण श्वासनलिकांचा दाह वाढवतातच. पण ओल, बुरशी, झुरळे आणि तंबाखूचा धूर नव्या घरातही असतील, तर केवळ पत्ता बदलून फारसे साधणार नाही.

यांपैकी झुरळांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे मला वाटते. अमेरिकेतीलच आठ शहरांच्या मध्यवर्ती वस्त्यांमधील ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळांची ॲलर्जी होती, आणि निम्म्या मुलांच्या झोपण्याच्या खोलीतील धुळीत झुरळांचे ॲलर्जीकारक घटक मोठ्या प्रमाणावर सापडले. ज्या मुलांना ही ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत हे घटकही भरपूर होते, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याची वेळ इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा आली. हे घटक झुरळांच्या विष्ठेत, लाळेत आणि मृत शरीराच्या कणांत असल्यामुळे झुरळे मेल्यानंतरही ते धुळीत बराच काळ टिकून राहतात. उंदरांच्या मूत्रातील घटकांचा त्रासही असाच असतो.

खिडकीपाशी ओढलेल्या सिगारेटचा धूर खोलीत येतोच, आणि कपड्यांना चिकटलेला अंशही घरात फिरतो. सिगारेट सोडणे हाच यावरचा खरा उपाय आहे; तोवर निदान घराबाहेर, मुलांपासून दूर ओढावी.

प्रश्न : मग कीटकनाशक फवारावे की हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे? आणि दम्याच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते का?

उत्तर : फवाऱ्यानेच काही मुलांना धाप लागते, त्यामुळे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फटींत जेलचे आमिष लावणे अधिक बरे. अन्न झाकून ठेवावे, गळते नळ दुरुस्त करावेत, भेगा बुजवाव्यात. जुन्या इमारतीत शेजाऱ्यांनीही एकाच वेळी हे केले नाही, तर झुरळे परत येतात. यंत्राची खरेदी या सगळ्यानंतर. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अशाच वस्त्यांतील ९३७ मुलांवरील प्रयोगात गाद्या-उशांना ॲलर्जीरोधक आवरणे, गाळणी असलेला व्हॅक्यूम क्लीनर आणि कीटकनियंत्रण असे उपाय प्रत्येक मुलाच्या ॲलर्जीनुसार एकत्र योजले होते. त्यामुळे त्रासाचे दिवस कमी झाले. एखादाच सुटा उपाय सहसा पुरत नाही.

पंपाचे व्यसन लागत नाही. दाह आवरणारा पंप डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितला असेल, तर बरे वाटू लागले म्हणून तो स्वतःच्या मनाने थांबवू नये. तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्यावा. मुलीला दमा होईलच असे नाही. मात्र तिला वारंवार घरघर होऊ लागली, रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, किंवा अंगावर इसब उठले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरातील दम्याचा इतिहास त्यांना आवर्जून सांगावा. श्वास घेताना बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.